वरची अकरा मिनिटं

१

दोन विमानतळांमधलं अंतर विचारणाऱ्या माणसाला एकच उत्तर हवं असतं. मी त्याला विचारते, खरं सांगू की छापलेलं? नकाशावर पट्टी ठेवली तर आमच्या विमानतळापासून त्या दुसऱ्या विमानतळापर्यंत सहाशे बारा किलोमीटर. पण विमान पट्टीवरून जात नाही, नेमून दिलेल्या वाटेने जातं, आणि ती वाट सहाशे एक्केचाळीसची. वेळेची तर तीन उत्तरं आहेत. हवेत अठ्ठावन्न मिनिटं. इथे चाकांना अडवणारे ठोकळे निघाल्यापासून तिथे ठोकळे लागेपर्यंत एक तास पंधरा. आणि तिकिटावर छापलेला वेळ एक तास सव्वीस.

हा तिसरा आकडा माझा. बावीस वर्षं मी एका छोट्या विमान कंपनीची वेळापत्रकं बनवते. ऑफिसात मला मागून ‘घड्याळबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. माझा आकडा चुकत नाही. ही फुशारकी नव्हे, वाटल्यास टाकीवाल्यांना विचारा. टाकीवाले म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावर बसून कोणत्या विमानाने किती इंधन जाळलं ते लिहिणारे गृहस्थ. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, तोंडात सदा आंबट गोळी, आणि माझ्या आकड्यात चूक काढायची त्यांची फार इच्छा. अजून त्यांना एक सापडलेली नाही.

तर ही वरची अकरा मिनिटं. बारा वर्षांपूर्वी आमची विमानं रोज उशिरा पोचायची. लोक ओरडायचे, साहेब आमच्यावर ओरडायचे. विमान जोरात हाकता येत नाही, पण छापील वेळ लांबवता येते. सगळ्याच कंपन्या हे करतात, मी काही जगावेगळं केलं नाही. पंधराला पोचणारं विमान सव्वीसला पोचेल असं छापायचं, म्हणजे पाच मिनिटं उशीर झाला तरी ते सहा मिनिटं लवकर येतं आणि माणसं टाळ्या वाजवतात. साहेब म्हणाले होते, दहा मिनिटं घाला. मी अकरा घातली. दहा म्हटलं की अंदाजे ठोकलंय असं वाटतं, अकरा म्हटलं की कोणीतरी मोजलंय असं वाटतं. त्याच वर्षी वक्तशीरपणाची ढाल मिळाली. ती माझ्या टेबलावर आहे, मी तिच्यावर चष्मा ठेवते.

ती मिनिटं कुठेही नव्हती. मी ती मनाने काढली होती, एवढं ध्यानात ठेवा.

२

एका सोमवारी मी मागच्या महिन्याचे आकडे लावत होते. त्या मार्गावर रोज चार फेऱ्या. एरवी कोणी आठ मिनिटं लवकर, कोणी बारा, वारा समोरून असेल तर दोन. त्या महिन्यात सगळ्यांपुढे शून्य होतं. शंभरावर फेऱ्या आणि प्रत्येक फेरी बरोबर एक तास सव्वीस मिनिटांची. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही.

माणसाला हे आवडायला हवं. मी मात्र सगळा कागद पुन्हा पहिल्यापासून तपासला, कारण खरे आकडे असे कधीच येत नाहीत. शाळेतल्या मुलाने उत्तरं शेजाऱ्याची बघून उतरवली की असा कागद तयार होतो.

“अहो, या मार्गाचं इंधन सांगा जरा,” मी टाकीवाल्यांना म्हटलं.

त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “मी वाटच बघत होतो कधी विचारताय त्याची. पंचाहत्तर मिनिटांचं जळतंय.”

“विमान तर शहाऐंशी मिनिटं घेतंय.”

“घेतंय खरं. म्हणजे अकरा मिनिटं विमान फुकट उडतंय, बाई. तक्रार कोणाकडे करायची आणि कशाची?”

“वैमानिकांच्या टिपणात काय आहे?”

“काही नाही. वेळेवर निघालो, वेळेवर पोचलो. हवा छान.”

मी हसले, तेही हसले. मग दोघेही आपापल्या कागदात डोकं घालून बसलो. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकही विनोद केला नाही.

३

हे सगळं मी कागदात ठेवून दिलं असतं. पण ठमी त्या मार्गावर होती.

ठमी माझी धाकटी बहीण. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचं पाठांतर मी घेतलं, तिचा ताप मी उतरवला. औषधाचा चमचा पुढे केला की ती तोंड उघडायची. त्यात काय आहे, कडू आहे का, असं तिने मला एकदाही विचारलं नाही. ताईने दिलंय ना, मग झालं. आता ती एकतीसची आहे, विमानात क्रू म्हणून काम करते, दीडशे माणसांना पट्टे बांधायला लावते. पण घरात आली की तीच ठमी. आम्ही दोघीच राहतो. तिच्यावर माझा जीव आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याच सोमवारी जेवताना मी विचारलं, “ठमे, अजून वाढू?”

उत्तर आलं नाही. पाहिलं तर ती पाठ ताठ करून बसली होती. पाय जमिनीला टेकलेले, हात मांड्यांखाली, नजर समोर. विमान उतरताना क्रूला असंच बसायला शिकवतात, धक्का बसला तर हात भिरकावले जाऊ नयेत म्हणून. स्वयंपाकघरातला फ्रिज सतत घरघरत असतो. ती घरघर थांबली होती. वरच्या मजल्यावरच्या पोराचा चेंडूही थांबला होता.

“ठमे?”

मी तिच्या खांद्याला हात लावला. खांदा थंड नव्हता, कडक नव्हता, नेहमीसारखाच होता. याचंच मला जास्त भय वाटलं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

मग फ्रिज घरघरला आणि ठमी म्हणाली, “अर्धी वाढ.”

अकरा मिनिटं झाली होती.

“विमान उतरायच्या आधी तुम्ही काय करता गं?” मी वाढता वाढता विचारलं. आवाज साधा ठेवला.

“काय करणार? बसतो. थोडं थांबतो, मग उतरतो.”

“थांबता? कुठे?”

“तिथे,” ती म्हणाली, आणि घास तोंडात घालून हसायला लागली. “म्हणजे काय! हवेत विमान कुठे थांबतं का, ताई? तू पण ना.”

ती झोपल्यावर मी दाराजवळचे तिचे कामावरचे काळे बूट उचलले. दोन विमानतळांच्या मध्ये ती विमानातून खाली पाऊलही टाकत नाही. बुटांच्या तळव्यांना पिठासारखी बारीक राखी धूळ होती. बोटाला लागली तरी बोटाला ती असल्यासारखं काही वाटलं नाही.

४

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. आधी मी स्वतःला झापलं. बहीण दमली असेल, एकटक बघत बसली असेल. फ्रिज जुना आहे. विमानतळ म्हटला की धूळ आलीच. आकड्यांचं काय, कोणीतरी यंत्रात छापील वेळच खरी म्हणून भरत असेल. चार गोष्टींची चार सरळ उत्तरं असताना मी सुतावरून स्वर्ग का गाठावा?

पण अशा शंकेला माझ्याकडे औषध आहे. आकडा हलवून बघायचा.

बुधवारच्या दुपारच्या फेरीला मी अकराऐवजी चौदा मिनिटं लावली. कोणालाही सांगितलं नाही. टाकीवाले जेवायला गेले असताना चार कळा दाबल्या, एवढंच. आता विमान एक तास सव्वीसला पोचलं तर मी मूर्ख, आणि मूर्ख ठरायला मी त्या दिवशी एका पायावर तयार होते.

विमान एक तास एकोणतीसला पोचलं. इंधन पंचाहत्तर मिनिटांचं.

म्हणजे मी देईन तेवढी मिनिटं ते घेत होतं. बारा वर्षं मी एक रिकामी खोली दाराला कुलूप न लावता ठेवली होती, आणि आता तिच्यात कोणीतरी राहायला आलं होतं. कधी आलं, ते मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी ठमी जेवताना चौदा मिनिटं बसली. मी तिच्यासमोर बसून होते. बाराव्या मिनिटाला तिचे ओठ हलले. ती कोणाशीतरी बोलत होती, अदबीने, प्रवाशांशी बोलते तशी. जेवण झाल्यावर मी अकरा मिनिटं परत जागेवर ठेवली, घरूनच.

५

गुरुवारी मी रजा टाकली आणि दुपारच्या विमानाचं शेवटच्या रांगेतलं तिकीट काढलं. तिथून क्रूची मागची घडीची खुर्ची हाताच्या अंतरावर असते. ठमीला वाटलं मी तिचं काम बघायला आलेय. तिने मला पाण्याचा पेला दिला आणि हळूच म्हणाली, “पट्टा नीट बांधा हं मॅडम, नाहीतर तक्रार करीन.”

मांडीवर वही, हातात पेन, मनगटावर घड्याळ. दर मिनिटाला एक ओळ लिहायची असं मी ठरवलं होतं. मन फसवतं, डोळे फसवतात. पण दर मिनिटाची ओळ फसवत नाही.

एक पंचवीसला ठोकळे निघाले. एक पस्तीसला चाकांनी जमीन सोडली. मग हवेतली मिनिटं, सगळी कंटाळवाणी. मी लिहीत गेले: ढग. चहाची गाडी. पुढचं बाळ रडतंय. बाळ झोपलं. दोन अठ्ठावीसला ठमी येऊन घडीच्या खुर्चीवर बसली, पट्टे लावले, हात मांड्यांखाली घातले आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. खिडकीतून घरांची छपरं दिसत होती, मोठी मोठी होत होती. दोन बत्तीसला मी लिहिलं: जमीन जवळ.

मग चाकं टेकली. धक्का, घरघर, लोकांचे फोन सुरू झाल्याचे आवाज. मी सुटकेचा श्वास टाकला. काही झालं नव्हतं. विमान आलं आणि उतरलं, मधे मुंगी शिरायला जागा नव्हती. मला हसू आलं, स्वतःचीच कीव आली.

घड्याळात दोन चव्वेचाळीस झाले होते. मी वहीत पाहिलं. शेवटची ओळ ‘जमीन जवळ’ नव्हती.

६

विमान दोन एक्कावन्नला जागेवर लागलं. मी सगळ्यात शेवटी उतरले. परतीचं विमान तेच, निघायची वेळ साडेतीन. मी बसायच्या जागेत भिंतीला पाठ लावून वही उघडली. अक्षर माझं होतं. घाईचं नाही, घाबरलेलं नाही. आकड्यांच्या कागदावर काढते तसं सरळ, गोल.

२.३३ – थांबलं. खाली जमीन नाही, पण थांबलं.
२.३४ – हवेचा फुसफुस आवाज बंद. बाळ श्वास घेत नाहीये. बाकीचेही नाहीत.
२.३५ – मागचं दार उघडं. बाहेर उजेड आहे, सावल्या नाहीत.
२.३६ – ठमी उतरली.
२.३७ – धुळीत उभी आहे. तिच्यासमोर जे आहे ते उंच आहे.
२.३८ – ती बोलतेय. मान खाली.
२.३९ – तिने माझ्याकडे बोट दाखवलं.
२.४० – ठमीने दारातून मला विचारलं.
२.४१ – मी हो म्हटलं.
२.४२ – ठमी परत आली.
२.४३ – दार लागलं.

मी ते दोनदा वाचलं. कशाला हो म्हटलं, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. मला आठवतही नव्हतं, आणि आजही आठवत नाही. पण ठमीने विचारल्यावर मी हो म्हटलं यात नवल काय? तिने काहीही मागितलं तरी मी हो म्हणाले असते.

तेवढ्यात फोन वाजला. टाकीवाले.

“बाई, रजेवर त्रास देतोय. तुमच्या अकरा मिनिटांना आज कात्री लागली.”

“म्हणजे?”

“साहेबांना त्या मार्गावर पाचवी फेरी बसवायचीय. एवढी मिनिटं वाया कशाला, म्हणाले. सहा काढली, पाच ठेवली. आजच्या परतीपासूनच लागू. साडेतीनचं विमान आता चार पन्नासला पोचेल.”

मला पुढचं ऐकू येईना. माझं डोकं आपोआप आकडे लावतं, त्याला मी काही करू शकत नाही. थांबणं पाच मिनिटांचं. ठमी चौथ्या मिनिटाला उतरते. परत दहाव्याला येते. पाचवं मिनिट संपलं की दार लागणार, आणि ठमी बाहेर धुळीत उभी असणार. विमान खाली येईल, वेळेवर येईल, लोक टाळ्या वाजवतील. आणि मागच्या घडीच्या खुर्चीवर कोणी नसेल.

“माझ्या खुर्चीत जाऊन बसा,” मी म्हटलं. “आत्ता.”

“अहो पण साहेब...”

“साहेबांचं मी बघून घेईन. पाच खोडा. शून्य घाला.”

“शून्य? आणि उशीर झाला म्हणजे? बारा वर्षांची तुमची ढाल...”

“ढाल खिडकीतून फेकून द्या. ठोकळे ते ठोकळे एक तास पंधरा. चार पंचेचाळीस. माझ्या नावावर टाका.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांनी गोळी कडकन चावली. मग एकेक कळ सावकाश दाबली गेली. त्या माणसाला टंकलेखन कधीच येत नव्हतं. मी काचेतून बघत होते. ठमी विमानाच्या दारात उभी राहून चढणाऱ्या माणसांना नमस्कार करत होती.

“वाचून दाखवा,” मी म्हटलं.

“निघणार साडेतीन. पोचणार चार पंचेचाळीस. वरची मिनिटं काही नाहीत.” ते पुढे म्हणाले, “बाई, फुकटचं उडणं बंद का मग?”

“बंद,” मी म्हटलं.

परतीच्या विमानात मी पुन्हा शेवटच्या रांगेत बसले. ओळी लिहीत राहिले. चार अडतीसला चाकं टेकली. माझ्याकडे प्रत्येक मिनिटाची ओळ होती आणि प्रत्येक ओळ मला आठवत होती. चार पंचेचाळीसला ठोकळे लागले. ठमीने पट्टे सोडले, केस नीट केले आणि म्हणाली, “आज कसलं हलकं वाटतंय गं! लवकर आलो का आपण?”

मला रडू आलं. तिथेच, शेवटच्या रांगेत, भरल्या विमानात.

७

त्या संध्याकाळी घरात सणासारखं वाटत होतं. ठमीच्या बुटांचे तळवे मी स्वतः पाहिले, स्वच्छ होते. ती अंघोळीला गेली, आतून तिच्या गाण्याचा आवाज येत होता, सूर नेहमीसारखा चुकलेला. मी नळ सोडून भांडी घासायला घेतली.

पाय ओले झाले म्हणून मी खाली पाहिलं.

मी नळापाशी नव्हते. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर होते, पाठ ताठ, दोन्ही हात मांड्यांखाली. नळ चालूच होता, मोरी भरून पाणी फरशीवर आलं होतं. भिंतीवर सात एक्कावन्न. नळ सोडला तेव्हा सात चाळीस व्हायचे होते. माझ्या सपातांखाली राखी चिखल झाला होता. घरात अशी माती कुठेच नाही.

आता कशाला हो म्हटलं ते कळलं. सगळं नाही कळलं, पण पुरेसं कळलं. आणि खरं सांगते, मी घाबरले तेवढीच मला शांती वाटली. ठमी सुटली होती. तिच्या जागी कोणीतरी लागणार असेल तर मी होतेच. तिच्या आजारपणात रात्ररात्र बसले, तिथे अकरा मिनिटांचं काय एवढं?

मी फरशी पुसली आणि सगळं नीट बसवायला घेतलं. रोज सात चाळीस ते सात एक्कावन्न. या वेळात ठमीने मला बघायचं नाही. शुक्रवार ते रविवार तिला सुट्टी होती, तेव्हा रोज साडेसातला मी तिला खाली दुकानात पाठवलं. कधी साबण, कधी दूध. ती काही न विचारता गेली. मांडीवर मी वही उघडी ठेवत असे. नंतर वाचलं तर तेच ते: थांबलं, दार उघडं, उतरले, परत आले, दार लागलं. मधल्या ओळींत नुसत्या वेळा. तिथे समोर काय उभं असतं, ते मी एकदाही लिहिलं नाही. मला ओळखते मी; बघण्यासारखं असतं तर लिहिलं असतं.

सोमवारपासून ठमी संध्याकाळच्या फेरीवर जाणार होती. ते विमान आलं की चाळीस मिनिटांत ती घरी येते, आठला पाच कमी असताना. माझं त्याआधी चार मिनिटं आटपतं. छान बसलं.

शुक्रवारी ऑफिसात साहेबांसमोर मी नवा कागद ठेवला होता. त्या मार्गावरच्या चारही फेऱ्यांची वरची मिनिटं रद्द, सोमवारपासून. माझी सही, खाली तारीख. साहेब म्हणाले, “तुमच्यासारखी माणसं हवीत.” टाकीवाल्यांनी मला एक आंबट गोळी दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

८

सोमवारी भानावर आले तेव्हा दाराजवळ ठमीचे बूट होते.

सात एक्कावन्न. स्वयंपाकघरात दिवा लागला होता, चहाचं पातेलं वाजत होतं. मी उठून उभी राहिले आणि मग माझं डोकं चाललं. संध्याकाळचं विमान. मी स्वतः सही केली होती. विमान अकरा मिनिटं आधी येणार, म्हणजे ठमी अकरा मिनिटं आधी येणार, म्हणजे सात चव्वेचाळीस. बारा वर्षं डोक्यात बसलेली जुनी वेळ मी हिशेबात धरली होती. कागदावरची मिनिटं काढली आणि स्वतःच्या घरातली काढायची विसरले. माझा आकडा चुकत नाही, असं मी वर लिहिलंय. ते खोडत नाही. ही एकच चूक.

वही मांडीवरून खाली पडली होती. मी ती उचलली.

७.४० – थांबलं.
७.४१ – फ्रिजचा आवाज बंद.
७.४२ – दार उघडं.
७.४३ – उतरले.
७.४४ – मागे कडी वाजली. ठमी.
७.४५ – लवकर कशी आली?
७.४६ – मी तिच्याकडे बोट दाखवलं.
७.४७ – तिला विचारलं.
७.४८ –
७.४९ – परत आले.
७.५० – दार लागलं.

“ताई, चहा घेतेस ना?” ठमी दोन कप घेऊन आली. कप ठेवले, समोरच्या खुर्चीवर बसली. केस विस्कटलेले, डोळे दमलेले, चेहरा हसरा.

“ठमे, तू आलीस तेव्हा मी तुला काही विचारलं का?”

“विचारलंस की.”

“काय?”

तिने कपाळाला आठ्या घातल्या, आठवून पाहिलं. “काय गं... आत्ता होतं डोक्यात. गेलं. पण विचारलंस हे नक्की.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार?” ती म्हणाली. “तू विचारतेस म्हटल्यावर मी नाही कशाला म्हणेन?”

स्वयंपाकघरातली फ्रिजची घरघर थांबली. वरच्या पोराचा चेंडू एकदा आपटला आणि खाली आलाच नाही. ठमीची पाठ ताठ झाली, दोन्ही हात मांड्यांखाली गेले, नजर माझ्यामधून पलीकडे लागली. तिच्या कपातली वाफ होती तिथेच उभी राहिली.

मी घड्याळात पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. सात चौपन्न. उद्या सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या ती अकरा मिनिटं परत घालायची, ठमीला दुपारच्या फेरीवर लावून घ्यायचं, आणि शेवटच्या रांगेतलं तिकीट काढायचं. मग ती दारातून मला विचारेल, आणि मी हो म्हणेन.